साखळीचं घर

माझी वहिनी लिफ्ट बंद करते. तिचं काम खरं तर लिफ्ट तपासण्याचं आहे, पण लोकांच्या लक्षात राहतं ते बंद करणंच. दोर झिजला, ब्रेक सरकला, दाराच्या फटीत बोट मावलं, की ती पिशवीतून लाल पट्टी काढते, कठड्याला बांधते आणि जिन्याने खाली उतरते. वरच्या मजल्यांवरून शिव्या येतात. त्या ती पायरी-पायरीने ऐकते आणि दुसऱ्या दिवशी छान झोप झालेल्या माणसासारखी पुन्हा कामावर जाते.

म्हणून राहायला जायचं ते खोरं तपासायला तिलाच न्यायचं, हे डोकं माझं. वहिनीने एखादी गोष्ट पास केली की घरात त्यावर कुणी ब्र काढत नाही. आणि मला 'हो' हवं होतं. पुढे कुणाला मागे घेता येणार नाही असं 'हो'.

कशाला

गेल्या वर्षी शहराची वीज गेली आणि आठवडाभर आलीच नाही. वीज गेली म्हणून पाणी गेलं, पाणी गेलं म्हणून माणसं गेली. ज्यांना जायला जागा होती ती. आम्ही सातव्या मजल्यावर. माझा दादा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी, तो तिथेच अडकून पडला. वहिनी लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काढत शहरभर फिरत होती. आई आणि मी बादल्या घेऊन खाली, बादल्या घेऊन वर. एकदा चौथ्या मजल्यावर आई पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी आता इथेच राहते. इथला शेजार बरा दिसतोय."

हसलो खूप. पण त्याच पायरीवर माझं ठरलं. पाणी जमिनीतून येईल, चूल लाकडावर पेटेल आणि आईला जिना चढावा लागणार नाही अशी जागा शोधायची. मी चष्म्याच्या काचा घासते. घासायचं यंत्र पायाने चालतं, कुठेही चालेल. आणि चष्मा लागणार नाही असा मुलूख अजून सापडलेला नाही.

आधी नापास झालेले

पहिला मुलूख हिरवागार. पाणी गुडघाभर, माती लोण्यासारखी. बाहेर जायला मात्र एकच पूल. वहिनी पुलाखाली उतरली, मान वर करून बराच वेळ उभी राहिली, वर आली आणि म्हणाली, "गाडीत बसा. सावकाश बसा."

दुसऱ्यात विहिरी भरलेल्या, लाकूडफाटा हवा तेवढा, घरं ओळीने रिकामी. दादा म्हणाला, "एवढं सगळं असून माणसं का नाहीत?" कारण शोधायला आम्ही थांबलो नाही. जिथे आचाऱ्याला शंका येते तिथे जेवू नये.

तिसरं हे खोरं. आणि खोऱ्याच्या वरच्या अंगाला हे घर: दोन खोल्या, पत्र्याचं स्वयंपाकघर, मागे शेड, पायरी फक्त एक. इथे एकटे राहणारे म्हातारबाबा वर्षापूर्वी वारले. त्यांची लेक, म्हणजे आत्ताची मालकीण, लांब असते. तिने तीन दिवस घर वापरून बघायला दिलं आणि सांगितलं, "रविवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगा. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, ते पाडून गोदाम बांधणार आहेत."

पाणी : दहापैकी सहा

चौकात हातपंप. खोल बोअर, गोड पाणी, भर उन्हाळ्यातही न आटणारं. खाली ओढा आहे, पण तो गुरांचा. आणि ह्या दिवसांत त्याला ओढा म्हणायचं ते जुन्या ओळखीखातर. वहिनीने दांडा हाणून पाहिला, नळीला कान लावला, पुन्हा हाणला.

"चार मार्क कशाचे कापलेस?"

"एकच आहे."

"पण उत्तम आहे!"

"वन्सं, उत्तम असला तरी एकच आहे."

एरवी ती मला नावाने हाक मारते. वन्सं म्हणाली की समजायचं, वाद मिटला.

माती : आठ

मुठीत दाबली, गोळा झाला. बोटाने टोचलं, फुटला. अशीच हवी. दादाने चिमूटभर जिभेवर ठेवली. चाखल्याशिवाय तो काही सोडत नाही.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

शेतीला तेच लागतं.

जळण : नऊ

मागच्या उतारावर वाळकं लाकूड एवढं पडलेलं की उचलायची खोटी. एक मार्क वाकण्याचा कापला.

माणसं :

जागा रिकामी सोडली. मोजायला आमच्याकडे काही नव्हतं.

कोरडी चाचणी

वहिनीच्या खात्यात एक पद्धत आहे. चालू लिफ्ट बघून काही कळत नाही. वीज तोडायची आणि मग बघायचं, कोण कुठे लटकतं. घरालाही तिने तोच न्याय लावला. शुक्रवारी दुपारी पोचल्या पोचल्या मेन स्विच खाली, फ्यूज तिच्या खिशात. दुकानात जायचं नाही. फोन लावायचा नाही. कुणाकडे काही मागायचं नाही, कुणी आपणहून दिलं तरी घ्यायचं नाही. रविवार संध्याकाळपर्यंत घर आपल्या पायावर उभं राहिलं तर पास.

"पाणी?" दादाने विचारलं.

"पंपाचं चालेल. तो सगळ्यांचा आहे."

"म्हणजे मीठ सगळ्यांचं असतं तर मीठही चाललं असतं?"

"अहो, तुम्ही पोतंभर मीठ आणलंय."

"ते माझ्या अंदाजाने आणलंय."

दादाचा अंदाज चारशे माणसांचा. इस्पितळात त्याची पातेली पोहता येतील एवढी असतात. तिघांसाठी रांधायला बसला की त्याचा हात बावचळतो. त्या दुपारी त्याने जे शिजवलं ते आम्ही सोमवारपर्यंत खाल्लं असतं.

दारात

मी अंगण झाडत होते तेवढ्यात फाटकाशी एक बाई आल्या. डोक्यावर जाळीची टोपी, हातात मधाची बरणी. शेजारच्या उतारावर त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. सगळे त्यांना मधवाली मावशी म्हणतात असं त्यांनीच सांगितलं.

"साखळीच्या घरात उतरलात ना?"

"हो, हेच," मी म्हणाले. घराला काहीतरी नाव असणारच. कसली साखळी, ते विचारावंसं वाटलं नाही.

"घ्या. मध."

"नको मावशी. आमची चाचणी चालली आहे. रविवारपर्यंत कुणाचं काही घ्यायचं नाही."

"कसली चाचणी? रक्ताची?"

"आपल्या पायावर उभं राहायची."

मावशींनी माझ्या पायांकडे नीट पाहिलं. "बरे आहेत की," त्या म्हणाल्या. मग मान उंचावून घराच्या मागे पाहिलं. "शेडमधलं सगळं जागच्या जागी आहे ना?"

"आहे. वहिनी एकेक तपासतेच आहे."

मागून खर्र-खर्र, खर्र-खर्र असा आवाज येत होता.

"काय कापताय?"

"असेल काहीतरी भंगार."

"हं," मावशी म्हणाल्या. बरणी परत काखेत गेली. "लागलं काही तर सांगा हो."

"काही लागणार नाही!" मी ओरडून सांगितलं. केवढ्या अभिमानाने.

शेड

शेडमध्ये माणसाहून उंच लोखंडी तिवई भिंतीला टेकवून ठेवली होती. शेजारी खुंटीवर चेन-पुली: जाड साखळी, दातेरी चाकाचा डबा आणि खाली हुक. जड ओझं सावकाश उचलायचं साधन. घर वर्षभर बंद, आणि साखळीला ताजं तेल.

तेल वहिनीने पाहिलं होतं. त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष असा, की कुणीतरी हे अजून वापरतंय, म्हणजे कुणीतरी ह्याने मरणार आहे. तिने व्हर्नियर लावून हुकाचं तोंड मोजलं. फाकलं होतं. फाकलेल्या हुकाला नुसती लाल पट्टी बांधून भागत नाही, लोक पट्टी सोडतात आणि हुक वापरतात. तो कापायचा असतो. तिच्या खात्यात सगळे कापतात. तिने करवत काढली.

"कुणाला विचारायचं का?" दादा म्हणाला होता.

"हुकाला विचारलं," वहिनी म्हणाली होती.

पाणी, पुन्हा : शून्य

शनिवारी सकाळी मी बादली घेऊन चौकात गेले. पंपाचा दांडा दाबला तर तो मन नसलेल्या माणसाच्या हातासारखा हातात आला. खाली काही लागतच नव्हतं.

हळूहळू माणसं जमली. बादल्या रांगेत लागल्या. कुणाचा आवाज चढला नाही, कुणी कुणाला बोल लावला नाही. एक रुंद खांद्यांचा माणूस पुढे आला. खोऱ्यातला लोहार. त्याने दांडा दोनदा वर-खाली केला आणि म्हणाला, "वायसर गेले. दोन-तीन वर्षांनी जातातच. पाइप वर काढायचे, कातडी वायसर बदलायचे, पाइप परत सोडायचे. दुपारपर्यंत पाणी."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. ह्याला म्हणतात तयारी! सुटे वायसर लोहाराच्या खिशातच होते. मी मनातल्या मनात पाण्याचे सहाचे आठ करून टाकले.

"चला," लोहार म्हणाला, "साखळी आणू."

सगळे निघाले. मीही निघाले, बादली हलवत, त्यांच्या पुढेच. वाट ओळखीची वाटली. अर्ध्या वाटेत बादली हलायची थांबली.

अर्धा हुक

लोहाराने खुंटीवरून साखळी उतरवली. लाल पट्टी बाजूला केली. जनावराचा दुखावलेला पाय बघावा तसा तो उरलेला हुक त्याने तळहातावर घेतला.

"हे कुणी केलं?"

"मी," वहिनी म्हणाली.

"का?"

"तोंड फाकलं होतं." तिने कापलेला तुकडा आणि व्हर्नियर पुढे केलं. "हे एवढं असायला हवं. एवढं झालंय. बघा तुम्हीच."

लोहाराने व्हर्नियर हात लांब करून धरलं. मग आणखी लांब. त्याच्या चष्म्याचा नंबर मी मनात टिपून घेतला. धंदा सुटत नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"फाकलंय ते. म्हातारबाबांच्या वेळेपासून फाकलंय. म्हणून तर साखळी चालू असली की तिच्याखाली कुणी उभं राहत नाही. इथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे."

"हे मला तपासणीत धरता येत नाही."

"आम्ही धरत होतो ना."

मागे कुणीतरी खोकलं. मावशी पुढे आल्या. त्यांची नजर वहिनीवर नव्हती, माझ्यावर होती.

"काल विचारलं होतं मी. जागच्या जागी आहे का म्हणून. भंगार म्हणालीस."

जे आम्ही विचारलं नाही

ह्या खोऱ्यात प्रत्येक घरी एक वस्तू सगळ्यांची असते. शिडीचं घर. दोरीचं घर. काट्याचं घर, जिथे धान्य तोलतात. चाकाचं घर. वस्तू जिथे आहे तिथेच राहते, माणसं येतात आणि जातात. घरात जो राहील त्याने ती सांभाळायची, आणि मागायला आलेल्याला दारात उभं न करता द्यायची. साखळीचं घर रिकामं पडलं तेव्हा साखळी हलवली नाही. लोहार महिन्याला येऊन तेल घालायचा आणि खुंटीवर ठेवून जायचा. मालकिणीने हे सांगितलं नाही, कारण हे सांगायचं असतं हे तिच्या गावीही नसावं.

"म्हणजे," दादा हळूच म्हणाला, "आपण खोरं तपासत होतो, तेव्हा खोरंसुद्धा आप..."

"दादा, पुढचं बोलू नकोस."

लोहार म्हणाला, नवा हुक मोठ्या बाजारात मिळेल, तो उघडणार सोमवारी. तोवर ओढ्याचं पाणी उकळून. कुणी आम्हाला शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. शिवी आपल्या माणसाला देतात.

ते सगळे शेडच्या दाराशी उभे राहून आपसात बोलायला लागले. वहिनी तिवईच्या पायावर बसून चाकाच्या डब्याकडे बघत राहिली. बघताना ती ओठ हलवते. हिशेब करत असते.

फोनवर, फक्त माझी बाजू

(फोन मी पिठाच्या डब्यात लपवला होता.)

"हां आई. हो, बंदच ठेवलाय. म्हणजे आत्ता चालू आहे... पाणी गोड आहे गं, फार गोड... नाही, आत्ता नाहीये... वहिनीने कापली... साखळी... नाही गं, गळ्यातली नाही! लोखंडाची... कारण ती वाईट होती... नाही, वहिनी नाही, साखळी... दादा मजेत, माती खाल्ली... चाखली, चाखली... उद्या संध्याकाळी सांगायचंय मालकिणीला... ते वहिनी सांगेल... मी? मला इथेच राहायचंय. कालच्यापेक्षा जास्त... कारण पंप बंद पडला तर इथे कुणी ओरडलं नाही आई. सगळे साखळी आणायला निघाले. सगळ्यांना माहीत होतं ती कुठे आहे... हो ना. तेच तर. होती... ठेवते, ठेवते, वहिनी येतेय."

मागणं

वहिनीने माझ्या केसांतलं पीठ पाहिलं. सरळ लोहारासमोर जाऊन उभी राहिली.

"मी हुक कापला तो बरोबर कापला," ती म्हणाली. "उद्या दिसला तर उद्याही कापेन. पण कापायच्या आधी विचारायचं राहिलं. तो भाग माझा चुकला."

"आता त्याचं काय?" लोहार म्हणाला. "भट्टी पेटवून मीच एक हुक ठोकतो."

"ठोका. ताण देऊन बघितल्याशिवाय मी त्याला काही टांगू देणार नाही."

"बाई, तुम्ही कशालाच पास करत नाही का?"

"दोरीला करते. चांगली असली तर." मग ती सगळ्यांकडे वळली. "लिफ्टला हुक नसतो. दोर चाकावरून जातो आणि चाकाला धरून बसतो. सगळा खेळ पकडीचा. मला दोन चाकं हवीत, लांब दोरी हवी, आणि तुम्ही सगळे हवेत. संध्याकाळच्या आत पाणी काढून देते."

तिने देते म्हटलं, बघू म्हटलं नाही. लिफ्ट बंद करताना हाच आवाज असतो. चालू करतानाचा मी आजवर ऐकला नव्हता. तोही हाच.

आणि मग माझी वहिनी, जी बसमध्ये कुणाला जरा सरका असंही म्हणत नाही, ती दारोदार मागायला निघाली. चाकाच्या घरातल्या आजीबाईंनी तेलकट फडक्यात गुंडाळलेली दोन लोखंडी चाकं बाहेर काढली. "लग्न होऊन आले तेव्हापासून पुसतेय," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा कुणी तोंडाने मागितली." दोरीच्या घरून दोरी आली, शिडीच्या घरून शिडी. दादा म्हणाला, "मी काय करू?" वहिनी म्हणाली, "तुमचा अंदाज आणा."

दादाने शुक्रवारचं पातेलं काढलं, त्याहून मोठं मावशींकडे मागितलं आणि चौकात तीन दगड मांडले.

दोरी

वहिनीने दोरी जमिनीवर पसरली आणि एका टोकापासून बोटं फिरवत निघाली, डोळे मिटून. चौकातली माणसं तिच्यामागे सरकत निघाली.

"हिलाही कापतेय की काय?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"करवत घरी ठेवून आली ना, बघा रे!"

वहिनी दुसऱ्या टोकाला पोचली. उठली. गुडघे झाडले.

"पास."

टाळ्या वाजल्या. मग तिने दोरीचं एक टोक पंपाजवळच्या जुन्या झाडाला बांधलं आणि दुसऱ्या टोकाला अख्ख्या चौकाला ओढायला लावलं. "पाइपांच्या दुप्पट ताण द्यायचा. आणखी. अहो, तुम्ही काय जेवण वाढताय का? ओढा!" दादा डाव हातात घेऊनच ओढत होता. दोरी तुटली नाही. झाडही नाही.

तिवई पंपावर उभी राहिली. एक चाक तिच्या माथ्यावर, दुसरं पायाशी, नाहीतर आडव्या ओढीने तिवईच लोळली असती. दोरी पाइपाला बांधून वरच्या चाकावरून, खालच्या चाकातून, झाडापर्यंत नेली. झाडाच्या बुंध्याला तीन वेढे. आणि मग शेपूट.

"शेपूट मी धरतो," लोहार म्हणाला.

"तुम्हाला पाइप उघडायचेत. शेपटीला जोर लागत नाही, लक्ष लागतं." वहिनीने मान वळवली. "वन्सं, इकडे ये."

माझे हात काच घासणारे. हातमोजे मावशींनी दिले, मधमाश्यांचे, कोपरापर्यंतचे. मी घेतले.

"सुटली तर?"

"तीन वेढे आहेत. चाक आणि झाडाच्या मध्ये माणसं ओढतील, तशी ढील गोळा करायची. थांब म्हटलं की नुसती धरायची. झाड तुझ्या बाजूने आहे."

"खाली कुणी नाही ना?" वहिनी आणि लोहार एकदमच ओरडले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लोहाराने मिशीवरून हात फिरवला.

ओढा. ढील. ओढा. ढील. थांब. पहिला पाइप वर आला, ओला, गंजाच्या रंगाचा. लोहाराने खालच्या पाइपाला शिकंजा आवळला, वरचा फिरवून सोडवला, बाजूला ठेवला. पुन्हा ओढा. पुन्हा ढील. मध्ये एकदा कुणाचा तरी पाय सांडलेल्या पाण्यात घसरला, त्याच्यावर मागचा, त्याच्यावर दादा, आणि ओढणारी सगळी रांग पत्त्यांसारखी आडवी झाली. जमिनीतले सगळे पाइप, त्यांच्या आतल्या लोखंडी काठ्या, पाणी, सगळं ओझं एका झटक्यात झाडावर आलं. दोरी करकरली. साल सोलून खाली पडली. माझ्या हातात आलं ते फक्त पिशवीभर भाजीचं वजन.

मी धरून राहिले.

तिवईखाली कुणी नव्हतं. चौकातलं कुत्रंसुद्धा लांब बसून बघत होतं.

"थांब म्हटलं नव्हतं मी," वहिनी म्हणाली.

"मी थांबले."

"बरोबर थांबलीस." ती वळली आणि जमिनीवरच्या ढिगाऱ्याला म्हणाली, "झोप झाली असेल तर उठा."

वायसर खरंच गेले होते, कातडं सुटून चिंधी झालं होतं. नवे बसले. पाइप परत सोडताना झाडाच्या वेढ्यांवरून दोरी इतकी गुळगुळीत सरकली की लोहार मान हलवत म्हणाला, "हे साखळीपेक्षा लवकर झालं. म्हातारबाबांना सांगू नका."

उन्हं कलायच्या आत पाणी आलं. आधी तांबडं, मग गढूळ, मग असं की बादलीचा तळ दिसावा. चौकातच पंगत बसली. दादाने कांदा, बटाटा आणि हाताला लागेल ते घालून केलेलं पातळसं काहीतरी वाढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पातेल्यात काही उरलं नाही. तो कितीतरी वेळ रिकाम्या पातेल्यात बघत बसला होता. सुखाने.

पट्टी

तिवई चौघांनी खांद्यावर घेतली. पुढे लोहार. चौकातून वर आलं की वाट फुटते: डावीकडे लोहाराची भट्टी, उजवीकडे आम्ही. मी मागून शिडी धरून चालत होते. हातातली शिडी एकदम जड झाली.

"कुठे ठेवायची?" मावशींनी विचारलं. सगळ्यांनाच ऐकू जाईल असं.

लोहार थांबला. खांदा बदलला. माझ्याकडे पाहिलं नाही, वहिनीकडेही नाही.

"कुठे म्हणजे? असते तिथे," तो म्हणाला आणि उजवीकडे वळला.

शेडमध्ये तिवई भिंतीला टेकली. साखळी खुंटीवर चढली, अर्ध्या हुकासकट, लाल पट्टीसकट.

"ही लालच राहणार," वहिनी म्हणाली. "तपासून शिक्का मारलेला नवा हुक येईपर्यंत."

"आणणार कोण?"

"मी."

मग तिने पिशवीत हात घातला आणि हिरवी पट्टी काढली. तिच्या पिशवीत हिरव्या पट्ट्या असतात हे मला ठाऊक होतं, पण एखादी बाहेर आलेली मी फारशी पाहिलेली नव्हती. तिने ती तिवईच्या पायाला बांधली आणि खिसा चाचपला.

"मावशी, पेन आहे का तुमच्याकडे?"

पेन तिच्या कानावर होतं. ते मला दिसत होतं, दादाला दिसत होतं, मावशींनाही दिसत असणार. मावशी तशाच वळल्या. घरी गेल्या आणि पेन घेऊन आल्या. दुसऱ्या हातात बरणी. ह्या वेळी बरणी दादाने घेतली, झाकण उघडलं, बोट घातलं.

वहिनीने पट्टीवर दोन ओळी लिहिल्या आणि खिशातला फ्यूज दादाच्या हातावर ठेवला. चाचणी संपायला अख्खा एक दिवस होता. मार्कांच्या यादीत माणसांसमोरची जागा अजून रिकामीच होती, आणि ती भरायची आठवण तिला कुणी करून दिली नाही.

लोहाराने पट्टी हातात धरून लांब केली, मान मागे नेली. "काय लिहिलंय?"

मी वाकून मोठ्याने वाचलं. "पुढची तपासणी, सहा महिन्यांनी. तपासणार..." मी पट्टीची घडी सरळ केली. "तपासणार, ह्याच घरात राहणारी."

"वाचता येतंय ना नीट?" वहिनी म्हणाली.

"येतंय."

"मला नाही येत," लोहार म्हणाला. "माझ्या चष्म्याचं तेवढं कधी बघता?"

"उद्या सकाळी या," मी म्हणाले आणि पिठाच्या डब्याकडे धावले. "आधी मालकिणीला फोन करू दे."